सासूबाईंच्या नावाचा चेक

“काकू, बँकेनं सासूबाईंचा चेक परत दिला!”

मी भिंतीशी उभी राहून कोथिंबीर निवडत होते. शेजारणीच्या सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांना आता चेक कोण देतंय, असं मनात येतंय तोच लक्षात आलं, की हिनं मसाल्यालाच त्यांचं नाव दिलंय. कांदा-लसूण मसाला त्यांच्या हातचा, म्हणून पाकिटावर नाव त्यांचं आणि नऊवारीतला फोटोही त्यांचाच. आजवरचा सगळा व्यवहार रोख, नाहीतर हिच्या फोनवर. आता पुण्याच्या एका ग्राहक भांडारानं पहिली मोठी ऑर्डर उचलली आणि बिलावर जे नाव होतं त्याच नावानं चेक फाडला. तो घेऊन ही आपल्या सेव्हिंगच्या बँकेत.

“काउंटरवरचा पोरगा म्हणाला, या बाई कोण? मी म्हटलं, सासूबाई. म्हणाला, त्यांना घेऊन या. मी म्हटलं, त्या वारल्या. तर म्हणतो, मग त्यांना मागच्या आठवड्यात चेक कसा निघाला? मागची रांग हसायला लागली हो. तुम्ही पण हसताय!”

“नाही गं. पुढं काय झालं?”

“भांडारवाले चेक बदलून देणार आहेत. पण म्हणाले, पुढच्या वेळेपासून धंद्याच्या नावाचं खातं पाहिजे.”

“मग काढ करंट खातं.”

माझा जन्म बँकेत कॅश काउंटरच्या काचेमागं गेला. निवृत्तीनंतरही साताऱ्यात शाहूपुरीतल्या आमच्या गल्लीत कुणाचं एटीएम कार्ड मशीननं गिळलं तरी माणसं आधी माझं फाटक वाजवतात. त्यामुळे हा विषय निघाल्यावर मी कोथिंबीर बाजूला ठेवली, हे ओघानं आलंच.

“आत्ताच्या सेव्हिंगलाच ते नाव लावता येणार नाही का?”

“नाही. रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे, धंद्याच्या नावानं बचत खातं उघडायचं नाही. मग धंदा एकट्याचा असो नाहीतर भागीदारीचा. धंद्याला चालू खातं. आणि चालू खात्यावर व्याज नाही, हे आधीच सांगते.”

“काहीच नाही?”

“एक दमडी नाही. वर मिनिमम बॅलन्स ठेवायचा.”

“तो तर काढून टाकला ना सरकारी बँकांनी? पेपरात आलेलं.”

“ते सेव्हिंगचं. स्टेट बँकेनं 2020 मध्ये काढला, 2025 मध्ये आणखी काही सरकारी बँकांनी काढला. लोक तेवढी बातमी वाचतात आणि करंट खातं उघडून बसतात. मग दंड कापला गेला की मॅनेजरशी भांडण.”

“व्याज नाही, वर दंड. मग असलं खातं घ्यायचंच कशाला?”

पलीकडच्या भिंतीवरून आप्पांचं डोकं वर आलं. एसटीतून निवृत्त झालेला माणूस, दुपारी झोपत नाही आणि कुणाला झोपू देत नाही. “तेच म्हणतोय मी! कशाला बँकेच्या नादी लागतीस पोरी? आपल्या पतसंस्थेत टाक. पिग्मीवाला रोज दारात येतो, चहा पितो, पैसे नेतो. सही नाही, रांग नाही.”

आप्पांना थांब म्हणून हात केला आणि आधी हिच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. घरचे आणि धंद्याचे पैसे एका खात्यात ठेवणं म्हणजे तूरडाळ आणि हरभराडाळ एका डब्यात ओतणं. नवऱ्यानं किराण्याला पाठवलेले पाच हजार, भावाची ओवाळणी, भिशीचा नंबर लागला ते पैसे आणि मसाल्याची विक्री, सगळं हिच्या एकाच पासबुकात. उद्या कुणी विचारलं यातली विक्री किती, तर निवडत कोण बसणार?

“कोण विचारतंय मला? माझा धंदा केवढासा!”

“कर्नाटकातले भाजीवालेसुद्धा असंच म्हणत होते.” 2025 च्या जुलैत तिकडच्या विक्रीकर खात्यानं यूपीआयचे आकडे बघून छोट्या दुकानदारांना धडाधड नोटिसा पाठवल्या. हावेरीच्या एका भाजीवाल्याच्या हातात 29 लाखांची नोटीस पडली. ताज्या भाजीला जीएसटी लागतच नाही, पण ते सांगत फिरायची पाळी त्याच्यावर आली. बेंगळुरात टपऱ्यांवर ‘यूपीआय नाही, फक्त रोख’ अशा पाट्या लागल्या, शेवटी मुख्यमंत्र्यांना मध्ये पडावं लागलं. “मालाच्या विक्रीला चाळीस लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. तू त्याच्या जवळपासही नाहीस. पण ते दाखवायचं झालं तर नुसत्या विक्रीचं खातं समोर ठेवलेलं बरं. भिशी आणि ओवाळणीसकट नव्हे.”

ती जरा गंभीर झाली. मग मी दुसरी गोष्ट सांगितली, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. हल्ली ऑनलाइन फसवणूक झालेला माणूस 1930 वर तक्रार करतो आणि पोलीस पैशाच्या मागावर निघतात. चोरानं त्याच पैशातून कुणाकडून दोन किलो मसाला घेतला असेल, तर त्या मसालेवाल्याच्या खात्यालाही कुलूप लागू शकतं. कधी तेवढ्या रकमेपुरतं, कधी अख्ख्या खात्याला. सुटायला वेळ लागतो. घरखर्चाचं खातं तेच असेल तर दूधवाल्यापासून शाळेच्या फीपर्यंत सगळं अडकतं.

“अगं बाई,” ती म्हणाली. आप्पा काही म्हणाले नाहीत, पण पिशवीतून फोन काढून त्यांनी काहीतरी बघितलं.

“आता तुमच्या पतसंस्थेचं बोलू, आप्पा. भांडाराचा चेक तिथं भरला तर वटायला कुठल्या तरी बँकेच्या दारातूनच जाणार. बरं, ठेवींचा पाच लाखांचा विमा असतो बघा, डीआयसीजीसीचा. तो बँकांना. पतसंस्थेला नाही.”

“आमची संस्था बुडायची नाही वहिनी. चेअरमन देवमाणूस आहे.”

“असेल की. पण देवमाणसाचा विमा निघत नाही.”

आप्पा चिडले. त्यांचं म्हणणं, बँका काय बुडत नाहीत? आणि त्यांच्याजवळ उदाहरणही घरचंच होतं, कराड जनता. त्यात ते चुकीचं काहीच बोलत नव्हते. त्या बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले 2017 च्या नोव्हेंबरात आणि परवाना रद्द झाला 2020 च्या डिसेंबरात. विम्याची मर्यादा त्याच वर्षी फेब्रुवारीत एक लाखावरून पाच लाखांवर गेली होती, म्हणून नव्याण्णव टक्क्यांहून जास्त ठेवीदारांची पूर्ण रक्कम विम्यात बसत होती. पण मधली तीन वर्षं? पेन्शनर माणूस कसाबसा तग धरतो. मिरचीच्या व्यापाऱ्याला ‘तीन वर्षांनी देते’ असं सांगता येत नाही. मुंबईत पीएमसी बँकेवर 2019 च्या सप्टेंबरात निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला एक हजार रुपयेच काढता येत होते. लहान दुकानदारांचे त्या दिवसांत काय हाल झाले ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. 2021 मध्ये कायदा बदलला, आता असे निर्बंध आले तर विम्याचे पैसे नव्वद दिवसांत द्यायचे असतात. तरी नव्वद दिवस म्हणजे आमच्या शेजारणीचा मसाल्याचा अख्खा हंगाम गेला.

“म्हणजे सहकारी बँक नको?” तिनं विचारलं.

“तसं मी म्हणणार नाही. चांगल्या चाललेल्या सहकारी बँकेत मॅनेजर तुला ओळखतो, तुझा धंदा ओळखतो. एवढंच, की पाच लाखांच्या आत ठेव. आणि एक खोच ध्यानात ठेव. धंदा तुझ्या एकटीचा आहे, तेव्हा कायद्याच्या लेखी मसाला कंपनी आणि तू एकच. एकाच बँकेत तुझं सेव्हिंग आणि हे चालू खातं असेल तर दोन्ही मिळून पाच लाख, प्रत्येकाला पाच नाहीत. भागीदारी असती तर गोष्ट वेगळी.”

मग मी तिला खरा प्रश्न विचारला. लोक बँक निवडताना बोर्ड बघतात, एसी बघतात, कुणाचा भाचा तिथं आहे ते बघतात. मी विचारते, पैसा येतो कसा आणि जातो कसा?

तिनं बोटं मोजत सांगितलं. गल्लीतली आणि भिशीतली गिऱ्हाइकं रोख देतात, दहा-वीसच्या नोटांत. तरणी पोरं क्यूआर मारतात. बचत गटाच्या बायका महिन्यानं हिशेब करतात, तोही रोखच. पुण्याचं भांडार चेक देतं. आणि जाताना? फेब्रुवारी-मार्चमध्ये ब्याडगी आणि संकेश्वरी मिरचीला एकदम गठ्ठा रक्कम जाते. मग धने, खोबरं, लसूण, डंकवाल्याची मजुरी. तेवढे दोन महिने खातं कोरडं ठणठणीत. एप्रिल-मेमध्ये घराघरात वर्षाचा मसाला भरतात, तेव्हा पैसा उलटा वाहत येतो.

“झालं. तुझं निम्मं उत्तर यातच आहे.”

मिनिमम बॅलन्स म्हणजे रोज तेवढे पैसे पडून राहिलेच पाहिजेत, असा बहुतेकांचा समज असतो. तसं नसतं. रोज रात्री खात्यात जे उरतं त्याची बेरीज करतात आणि दिवसांनी भागतात. तीस दिवसांची सरासरी दहा हजार हवी असेल, तर पंधरा दिवस अठरा हजार आणि पंधरा दिवस दोन हजार असले तरी भागतं. एकच दिवस तीन लाख ठेवून बाकीचे दिवस शून्य ठेवलं तरीसुद्धा गणित जमतं, फक्त ते तीन लाख आणायचे कुठून ते विचारू नका. बघायचं ते हे, की बँक सरासरी महिन्याची धरते की तिमाहीची. महिन्याची धरली तर हिला मार्चचा दंड ठरलेला. तिमाहीची असेल तर जानेवारीत वीस हजार, फेब्रुवारीत आठ, मार्चमध्ये दोन, अशीही सरासरी दहाच्या आसपास बसते. आणि दंड लागला की त्यावर अठरा टक्के जीएसटी, तो वेगळा.

“म्हणजे तिमाहीवाली बघायची.”

“आणि आकडा लहान असलेली. सगळ्यात खालच्या पायरीचं चालू खातं माग. ते आपणहोऊन दाखवत नाहीत, मागावं लागतं.”

आप्पा परत शिरले. “परवा एक टायवाला पोरगा आला होता गल्लीत. झिरो बॅलन्स करंट खातं, वर बोलणारा डबा फुकट. मी म्हटलं, मी रिटायर्ड माणूस, डबा काय बोलणार माझ्याशी?”

तो पोरगा हिच्याकडेही येऊन गेला होता. पोरगा वाईट नव्हे, त्याच्या डोक्यावर टार्गेट असतं, आणि मार्च जवळ आला की तो फारच गोड बोलतो. पण झिरो बॅलन्सच्या मागं बहुतेक वेळा अट असते. क्यूआरवर महिन्याला अमुक एवढी उलाढाल झाली तरच झिरो, किंवा पहिले काही महिनेच झिरो. डब्याचंही तसंच. यूपीआयवर दुकानदाराकडून कमिशन घेत नाहीत, 2020 पासूनच तसं आहे, पण डब्याचं महिन्याचं भाडं ही वेगळी गोष्ट, ते गुपचूप कापलं जातं. घरातून मसाला विकणाऱ्या बाईला डबा कशाला हवाय? फोन टिंग करतो तेवढं पुरे. डबा शोभतो वडापावच्या गाडीवर, जिथं हात तेलात असतात.

“त्याला मी काय विचारू मग?”

“चार्जेसचा छापील कागद माग. बँकेच्या साइटवरही असतो. त्यात आधी कॅश भरण्याची ओळ शोध.”

यावर मी थोडी लांबले, कारण इथंच लोक फसतात. सेव्हिंगची सवय असलेल्या माणसाला वाटतं, पैसे काढायला कदाचित लागेल, भरायला कसला चार्ज? चालू खात्यात महिन्याला ठरावीक रकमेपर्यंत रोख फुकट भरता येते, त्यापुढं हजारामागं चार्ज. खातं ज्या शाखेत आहे ती सोडून दुसऱ्या शाखेत भरली तर फुकटची मर्यादा आणखी खाली. दहा-वीसच्या गड्ड्या मोजायला वेगळे पैसे घेणाऱ्या बँकाही आहेत. हिचा निम्मा धंदा त्याच नोटांत. म्हणून झगमगीत ॲप असलेल्या पण सगळ्या शहरात एकच शाखा असलेल्या बँकेचा हिला उपयोग नाही. डंकाच्या वाटेवर जी शाखा पडते, जिथं पिशवी घेऊन गेलं तरी कॅशियर तोंड वाकडं करत नाही, ती हवी.

“आणि ब्याडगीला पैसे पाठवायचे ते? आत्ता तर फोनवरून फुकट जातात.”

“सेव्हिंगवरून जातात. ऑनलाइन एनईएफटीला सेव्हिंगवाल्यांकडून पैसे घ्यायचे नाहीत, असं रिझर्व्ह बँकेनं 2020 च्या जानेवारीपासून ठरवून दिलंय. चालू खात्याला ते बंधन नाही. काही बँका फुकट करतात, काही घेतात. ती दुसरी ओळ. दोन लाखांच्या वर गेलीस तर आरटीजीएस, पण तेवढी मिरची अजून तू घेत नाहीस.”

“घेईन की!” ती एकदम म्हणाली. मला बरं वाटलं.

आप्पांनी तेवढ्यात पोस्टाचं नाव काढलं. पोस्टमन घरी येऊन खातं काढून देतो म्हणे. खरंच देतो. पोस्टाची पेमेंट्स बँक 2018 मध्ये सुरू झाली, चालू खातंही मिळतं. सुरुवात करणाऱ्याला ते वाईट नाही, पण पेमेंट्स बँकेत दिवसाअखेर दोन लाखांच्या वर ठेवता येत नाही, आणि अशी बँक स्वतः कर्ज देत नाही. शेजारणीला पुढंमागं स्वतःचं कांडप यंत्र घ्यायचंय. त्या दिवशी मॅनेजर पहिली गोष्ट मागणार ती वर्षभराचं स्टेटमेंट. पन्नास हजारांपर्यंतचं मुद्रा शिशू कर्ज असो की माल भरायला कॅश क्रेडिट, ज्या बँकेनं तुमचा पैसा वर्षभर येता-जाता बघितलाय तिथं बोलणं सोपं जातं. मी टेबलाच्या त्या बाजूला बसून हे बघितलंय. धंदा चांगला, पण पैसा पाच ठिकाणी विखुरलेला, आणि अर्ज लटकलेला.

आता कागद. ही घाबरली होती ती त्यालाच. आधार-पॅन तर लागतातच, शिवाय धंद्याच्या नावाचे दोन पुरावे. उद्यम नोंदणी आधारवर ऑनलाइन होते आणि पूर्ण फुकट आहे. तिच्यासाठी दोन-तीन हजार मागणाऱ्या खासगी वेबसाइटी सुळसुळाट करून आहेत, त्यांना अजिबात द्यायचे नाहीत. दुसरा शॉप ॲक्ट, मुंबईकर ज्याला गुमास्ता म्हणतात. वीसपेक्षा कमी माणसं कामाला असतील तर नुसती ऑनलाइन माहिती कळवायची, पावती मिळते. पाकिटावर छापायला अन्न परवाना हिनं काढलेलाच आहे. “फक्त सगळ्या कागदांवर नाव अक्षरनिहाय सारखं पाहिजे. एकावर ‘मसाले’ आणि दुसऱ्यावर ‘मसाला’ असं झालं की परत फेऱ्या.”

इथं तिनं इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. “हे म्हणतात, खातं माझ्या नावानं काढू. बँकेची कामं तुला जमायची नाहीत.”

आप्पांनी भिंतीमागं ऐकू न आल्याचं सोंग केलं.

मी तिला म्हसवडची गोष्ट सांगितली. आपल्याच जिल्ह्यातली, माण तालुक्यातली. चेतना सिन्हांनी तिथल्या बायकांची बँक काढायची म्हणून रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला, तर तो फेटाळला, कारण अर्जदार बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. बायका परत आल्या, रात्री अक्षरं गिरवली आणि काही महिन्यांनी पुन्हा साहेबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, वाचायला आम्ही शिकतोय, पण हिशेब आम्हाला येतो. कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आणि तुमच्या साहेबांनाही कॅल्क्युलेटर न घेता काढायला सांगा, बघू कोण आधी सांगतं. 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. “त्या अक्षरओळख नसलेल्या बायका. तू तर बी.कॉम. आहेस गं.”

“नापास.”

“एका विषयात. मसाला तू करतेस, उद्यम तुझ्या नावानं निघणार, मालकीण तू. मग खातं दुसऱ्याच्या नावानं कसं काढशील? नवऱ्याला सही करायची हौस असेल तर अधिकारपत्र देऊन सही करायचा हक्क दे. मालकी देऊ नकोस. आणि नॉमिनी लाव. आता 2025 च्या नोव्हेंबरपासून चार जणांपर्यंत लावता येतात, कुणाला किती टक्के तेही लिहिता येतं.”

“मग ह्यांना पंचवीस टक्के,” ती म्हणाली आणि पहिल्यांदाच मोकळी हसली.

शेवटी दोन बँकांवर आलं. पोवई नाक्याकडची खासगी बँक, ॲप सुरेख, सरासरी महिन्याची आणि आकडा मोठा. आणि डंकाच्या वाटेवरची सरकारी बँक, पंखा कुरकुरतो, छपाईयंत्र बंद असतं, पण आकडा लहान, सरासरी तिमाहीची आणि रोख भरायची मर्यादा हिला पुरून उरणारी. तिचं मन ॲपवर होतं, मी कुरकुरत्या पंख्याच्या बाजूनं. वर्षभरानं क्यूआर आणि भांडारं वाढली, रोख कमी झाली, तर खुशाल दुसरीकडे जावं, चालू खातं काही लग्न नव्हे. फक्त जुनं खातं बंद करायला चार्ज किती आणि किती महिन्यांच्या आत लागतो, ती ओळ आजच वाचून ठेवायची.

“सोमवारी जाऊ या?”

“सोमवारी गर्दी असते. मंगळवारी अकराच्या पुढं जा. दोन फोटो घे, आणि शिक्का बनवायला आजच टाक. खाली ‘प्रोप्रायटर’ असं येऊ दे.”

“शिक्क्यावर सही इंग्रजीत करू की मराठीत?”

“चेकवर रोज जी करशील ती.”

आप्पा घरात गेले असं वाटत होतं, पण ते पासबुक शोधायला गेले होते. ते भिंतीवर ठेवून म्हणाले, “मंगळवारी जातीयस तर एवढं भरून आण बरं. आणि त्या मॅनेजरला जरा विचार, पाच लाखांच्या वरचं दुसऱ्या बँकेत हलवायचं असलं तर एफडी मोडायला लागंल का?”

“किती आहेत हो आप्पा?” मी विचारलं.

“आहेत थोडेफार,” म्हणत त्यांनी पासबुक उलटं करून ठेवलं.